परत आल्यावरची दहा मिनिटं

मंडळी, नमस्कार. सायकल चालवण्याआधीची आणि नंतरची तपासणी असा विषय आहे. मी क्रम उलटा घेणार आहे, नंतरची आधी. सायकलचं दुखणं ती चालताना सांगते आणि ते आपल्या डोक्यात परतल्यावर जेमतेम दहा मिनिटं ताजं असतं. आंघोळ झाली, जेवण झालं, की चढावर ऐकू आलेली टकटक पार विसरली जाते. दुसऱ्या दिवशी पहाटे हेल्मेट घालून दारात उभं असताना दोष दिसला, तरी मन म्हणतं, ‘चालेल आजचा दिवस.’ निघताना फक्त खात्री करायची असते; शोध आदल्या दिवशी घ्यायचा.

माझाच अनुभव सांगतो. एका संध्याकाळी परत आलो आणि सायकल तशीच भिंतीला टेकवली. सकाळी पाहतो तर मागचं चाक बसलेलं. घाईघाईत ट्यूब बदलली, हवा भरली, निघालो. तीन किलोमीटरवर पुन्हा पंक्चर. रस्त्याच्या कडेला बसून टायर उलटा केला तेव्हा काच सापडली, मोहरीएवढी. बाहेरून दिसत नव्हती, पण टायर दाबला की तिचं टोक आत डोकवायचं. काच किंवा तार दर वेळी एका झटक्यात ट्यूबपर्यंत पोचत नाही. आपल्या नेहमीच्या रोड टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटरच्या आत असतो, म्हणजे एका किलोमीटरमध्ये ती काच साडेचारशेहून जास्त वेळा रस्त्यावर दाबली जाते आणि दर वेळी केसभर आत सरकते. म्हणून परत आल्यावर उजेडात चाक सावकाश फिरवायचं, रबरात रुतलेलं जे दिसेल ते चिमट्याने उपसायचं. पंक्चर झालंच असेल, तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून सुती कापड फिरवा. बोट फिरवलं तर बोट कापतं. कापडाचा धागा मात्र अडकतो आणि जागा दाखवतो.

आता चेन. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल आली. तिच्यात चेन मागचं चाक फिरवत होती आणि आजही आपण तशीच, बहुतेक उघडीच चेन धुळीतून ओढत नेतो. लोक म्हणतात चेन ताणली. लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक कडीत एक पिन असते, ती आतल्या आत झिजते आणि अशा शंभराहून जास्त पिनांची झीज मिळून चेन लांब होते. नव्या चेनमध्ये आतली-बाहेरची कडी मिळून जोडी बरोबर एक इंचाची असते. बारा जोड्यांचे ३०४.८ मिलिमीटर भरतात. पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजा. ११ किंवा १२ गिअरच्या कॅसेटवर, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचावर, हे माप दीड मिलिमीटरने वाढलं, की चेन बदलायची. कमी गिअरच्या सायकलला दोन-सव्वादोन मिलिमीटरपर्यंत चालतं. त्यापुढे ओढलंत, तर कॅसेटचे दातही त्या लांबलेल्या चेनच्या मापाने झिजतात आणि मग नवी चेन त्यांवरून उड्या मारते. चेनचा खर्च वाचवायला गेलात, तर कॅसेटही बदलावी लागते.

तेलाबद्दल मला जरा कळकळीने सांगायचं आहे, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. तेल हवं असतं रोलरच्या आत, म्हणजे चेनच्या पट्ट्यांमध्ये फिरणाऱ्या छोट्या गोल नळ्यांच्या आत. बाहेरच्या पट्ट्यांवर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं आणि त्या धुळीची कानस होते. आधी कोरड्या फडक्यात चेन धरून पेडल उलटं फिरवा, काळं येणं कमी होईपर्यंत. मग प्रत्येक रोलरवर एक थेंब, आतल्या बाजूने. घाई नको. पुन्हा पेडल फिरवून तेल मुरू द्या आणि शेवटी बाहेरचं सगळं पुसून काढा. हे रात्रीच करायचं, कारण तेल आत उतरायला वेळ लागतो. निघता निघता घातलेलं तेल बाहेरच राहतं आणि पोटरीवर काळे पट्टे काढतं. डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाच्या मध्याजवळच्या चकतीला दाबणारा ब्रेक, असेल तर तेलाचा स्प्रे वापरू नका. एक तुषार डिस्कवर गेला तरी ब्रेक लागेनासा होतो आणि पॅडमध्ये तेल मुरलं, तर बहुधा ते फेकावेच लागतात.

आवाज कुठून येतो हे ओळखण्याची साधी रीत आहे. पाय थांबवून सायकल नुसती घरंगळू द्या. तरी आवाज येत असेल तर चाकात किंवा हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात बघा. पाय मारतानाच येत असेल तर पेडल, क्रँक म्हणजे पेडलचा दांडा, चेन. पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येणारा आवाज पुष्कळदा सैल पेडलचा निघतो. आवळताना लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात.

ब्रेकच्या रबरात खडे, लोखंडाचा कीस अडकलेला असतो, तो टोचणीने काढा. नाहीतर रिम खरवडली जाते.

आता निघण्याआधीचं, थोडक्यात. हवा गेजने, म्हणजे दाब दाखवणाऱ्या मापकाने मोजा; तो आकडा पीएसआयमध्ये असतो. अंगठ्याने दाबून कळत नाही, कडक टायर ६० पीएसआयलाही कडक लागतो आणि ९० लाही. टायरवर छापलेला वरचा आकडा ही मर्यादा आहे, तिथपर्यंत भरलंच पाहिजे असं नाही. आपलं वजन मागे जास्त पडतं, म्हणून मागे थोडी जास्त हवा. दोन्ही ब्रेक दाबा; लिव्हर हँडलला टेकता कामा नये. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. हँडलखाली टकटक जाणवली तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं तो सांधा, सैल आहे. क्विक रिलीजचा, म्हणजे पाना न वापरता चाक काढता-बसवता येतं त्या कळीचा दांडा पाहा. पुष्कळजण तो नटासारखा गोल गोल आवळतात. तो उलटा पाडून बंद करायचा असतो आणि बंद करताना तळहातावर वळ उठेल एवढा जोर लागला पाहिजे. शेवटी सायकल चार बोटं उचलून सोडा आणि कान द्या. काही सैल असेल तर खडखडतं.

मघाशी कुणीतरी विचारलं, पावसात भिजून आल्यावर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतली तर चालेल का. चालणार नाही. तो फवारा हबच्या सीलमधून पाणी आत घालतो, ग्रीस धुऊन नेतो आणि छर्रे गंजतात. बादली, मऊ ब्रश आणि फडकं पुरतं. मात्र भिजलेल्या सायकलची सीट नळीसकट काढा आणि फ्रेम उलटी धरा. कधी कधी पेलाभर पाणी निघतं, ते इतरांनी सांगून पटत नाही. काढण्याआधी उंचीच्या जागी नळीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा.