जनुकसंच कोणाच्या संमतीने वाचायचा?

श्रोतेहो, नमस्कार. जीनोम सिक्वेन्सिंग, म्हणजेच जनुकसंचाचे वाचन, आज बहुतेक ठिकाणी ज्या पद्धतीने होते तिच्यात डीएनएची लांबलचक साखळी सलग वाचलीच जात नाही. तिचे बारीक तुकडे करून ते काचेच्या पट्टीवर चिकटवतात, प्रत्येक तुकड्याच्या जागच्या जागी अनेक प्रती काढतात आणि त्यांना पूरक असा एकेक घटक, म्हणजे डीएनएचे एकेक ‘अक्षर’, जोडत जातात. या घटकांना चमकणारे रंग लावलेले असल्यामुळे कोणत्या ठिपक्यावर अ‍ॅडेनिन हे अक्षर बसले आणि कोणत्या ठिपक्यावर सायटोसिन, हे दर फेरीला टिपलेल्या छायाचित्रावरून कळते. दीडशेएक अक्षरांचे असे कोट्यवधी तुकडे संगणक आधीच वाचून ठेवलेल्या प्रमाण जनुकसंचाशी ताडून जागेवर बसवतो. माणसाच्या सुमारे ३ अब्ज अक्षरांच्या या वाचनाच्या पहिल्या प्रकल्पाला १९९० ते २००३ अशी १३ वर्षे लागली. आता ते काही दिवसांत होते.

वाचन सुकर झाले, पण ते कोणाच्या संमतीने करायचे हा प्रश्न अधिक बिकट झाला. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या कर्करोगाच्या गाठीतून, त्यांना न विचारता, पेशी काढून घेतल्या गेल्या. त्या त्याच वर्षी वारल्या. पेशी मात्र ‘हेला’ या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढवल्या जातात. मार्च २०१३ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील संशोधकांनी या पेशींचा जनुकसंच इंटरनेटवर खुला केला, आणि तोही लॅक्स यांच्या मुलानातवंडांना न विचारता. आईचा निम्मा डीएनए मुलाकडे येतो, त्यामुळे आईचा जनुकसंच उघड झाला की मुलांच्या संभाव्य आजारांविषयीही काही ना काही उघड होतेच. कुटुंबाने हरकत घेतल्यावर ती माहिती काढून घेण्यात आली. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने कुटुंबाशी समझोता केला, त्यानुसार संशोधकाने रीतसर अर्ज करायचा आणि अर्ज तपासणाऱ्या गटात लॅक्स कुटुंबीयही बसायचे. इतक्या उशिरा का होईना, ही व्यवस्था मला न्याय्य वाटते.

नाव झाकले म्हणजे ओळख झाकली, हा समजही खरा नाही. २०१८ साली कॅलिफोर्नियाच्या पोलिसांनी जुन्या खुनांतील गुन्हेगार शोधला तो वंशावळीच्या संकेतस्थळावर त्याच्या दूरच्या नातलगांच्या डीएनएची माहिती होती म्हणून.

आपल्याकडे ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील सुमारे १०,००० भारतीयांचे जनुकसंच जानेवारी २०२५ पासून संशोधकांना उपलब्ध झाले आहेत. हा साठा आपल्या लोकांच्या आजारांवरील संशोधनासाठी फार मोलाचा आहे. मात्र तो कोणाला आणि कशासाठी द्यायचा हे ठरवताना नमुने देणाऱ्या समाजांतील माणसांनाही त्या बैठकीत मताचा अधिकार असावा, असे मला आग्रहाने वाटते.