पाटे की कॉइल? आधी एक्सल कोण धरून ठेवणार ते ठरवा

मित्रहो,

जुनी जीप, जिप्सी किंवा पहिली थार बाळगणारा माणूस नाशिकमध्ये कुठेही भेटला, की चहा येईपर्यंत विषय तिथेच पोचतो : "साहेब, पाटे काढून कॉइल टाकू का?" मी त्याला उलट विचारतो, "पाटे काढल्यावर तुमचा एक्सल कोण धरून ठेवणार?" बहुतेकांनी याचा विचार केलेला नसतो. पाटे म्हणजे एकावर एक बसवलेल्या कमानदार पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, कॉइल म्हणजे वेटोळ्याची स्प्रिंग, आणि एक्सल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आडवा दांडा. स्प्रिंग म्हणजे गाडी मऊ किंवा कडक करणारी वस्तू, एवढंच आपल्या डोक्यात असतं. म्हणून आज मी मऊ-कडक बाजूला ठेवून एक्सलपासून सुरुवात करतो.

पाटा गाडीचं वजन झेलतो, हे सगळ्यांना दिसतं. त्याच वेळी तो आणखी तीन कामं करत असतो. एक्सलला पुढे-मागे सरकू देत नाही, डावी-उजवीकडे जाऊ देत नाही, आणि ॲक्सिलरेटर किंवा ब्रेक दाबल्यावर एक्सलचं हौसिंग (बाहेरचं कवच) स्वतःभोवती फिरू पाहतं तेही रोखून धरतो. पाट्याचं एक टोक चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बुशमध्ये पक्कं असतं आणि दुसरं शॅकलवर, म्हणजे हलत्या कडीवर, झुलतं, कारण कमान दबली की पाट्याच्या दोन टोकांमधलं अंतर वाढतं आणि त्या वाढीला जागा लागते. मध्ये पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट, वरून पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट, की काम झालं. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप चारही चाकांना अशीच बांधलेली होती. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी आपल्याकडे तीच जीप जोडायला घेतली, पुढे एमएम ५४० सारख्या गाड्या त्याच पद्धतीवर आल्या, आणि १९८५ ची जिप्सीही पुढे-मागे पाट्यांवरच होती. इतकी कामं इतक्या थोड्या भागांत करणारी दुसरी रचना मला माहीत नाही.

कॉइल फक्त वर-खाली काम करते. नुसत्या कॉइलच्या भरवशावर एक्सल सोडून गाडी ढकलली, तर तो जागेवर राहणार नाही. त्याला पुढे-मागे धरायला खालच्या लिंक, म्हणजे एक्सल चेसिसला जोडणारे दांडे, लागतात, पीळ रोखायला वरची एक किंवा दोन लिंक, आणि बाजूला सरकू नये म्हणून आडवा पॅनहार्ड रॉड. २०२३ मध्ये आपल्याकडे आलेली जिम्नी पाहा : पुढे-मागे अखंड एक्सल (दोन्ही चाकं एकाच ताठ दांड्यावर), तीन लिंक, कॉइल. २०२० ची थार आपल्याच शहरातल्या कारखान्यात बनते. तिचा मागचा एक्सल अखंड, पण मल्टिलिंक (अनेक लिंक) आणि कॉइलवर. त्याआधीच्या, २०१० च्या थारला पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आणि मागे पाटे होते. म्हणजे कारखान्याने पाट्याच्या जागी कॉइल बसवली तेव्हा एक्सल धरण्याची सगळी व्यवस्थाच नव्याने आखली. गॅरेजमध्ये कॉइल बसवायची ठरवता तेव्हा हे आखण्याचं काम तुमच्या फॅब्रिकेटरच्या अंगावर येतं. कॉइलची किंमत त्यात सगळ्यात कमी असते.

मग जगभर लोक कॉइलकडे का गेले? १९७० च्या रेंज रोव्हरला अखंड एक्सल ठेवून चारही बाजूंना कॉइल दिल्या, १९८३ पासून लँड रोव्हरच्या कामाच्या गाड्याही तिकडे वळल्या, जीप रँग्लरने १९९६ मध्ये पाटे सोडले. कारण चाकाच्या हालचालीत आहे. हरसूल किंवा पेठकडच्या आडवाटेला काळ्या दगडाच्या पायऱ्या लागतात. तिथे गाडी तिरकी उभी राहते, एक पुढचं आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक हवेत जातं. डिफरेंशियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, उघडा (लॉक नसलेला) असेल तर ती हवेतली चाकंच नुसती फिरत राहतात आणि गाडी जागची हलत नाही. चाक खाली लोंबून दगडाला टेकलं, तरच पुढे जाता येतं. पाट्यांच्या जाड थराला असा पीळ सहज घेता येत नाही. शिवाय एकावर एक बसलेले पाटे एकमेकांवर घासतात, म्हणून बारीक खडीवर ते हलायलाच तयार नसतात. तो धक्का थेट पाठीत बसतो. कॉइलमध्ये ही घासण नाही, चाक मोकळं खाली येतं. इथे कॉइल जिंकते, त्यात वाद नाही.

मात्र ते मोकळेपण किती, हे कॉइल ठरवत नाही. शॉकअप जेवढा उघडेल, ब्रेकचा होज (लवचिक नळी) जेवढा पुरेल आणि एक्सलकडे इंजिनाची ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा) जेवढा कोन सहन करेल, तेवढंच चाक खाली येणार. शॉकअप लांब टाकला आणि कॉइल आखूड राहिली, तर पूर्ण लोंबल्यावर कॉइल बैठकीतून निघते. वर येताना ती वाकडी बसली की काम वाढलं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं उदाहरण. टोयोटाच्या लँड क्रूझर ७० मालिकेतल्या जड कामाच्या गाड्यांत १९९९ मध्ये पुढचे पाटे गेले आणि कॉइल आली. मागे मात्र पाटेच ठेवले. खाणी, शेती आणि वाळवंटासाठीची ही गाडी. पुढे इंजिनाचं वजन कायम सारखं असतं आणि स्टीअरिंगला नेमकेपणा लागतो, तिथे कॉइल. मागे कधी रिकामं, कधी गच्च भरलेलं, तिथे पाटे. आपल्याकडे पिंपळगाव-निफाड रस्त्यावर द्राक्षाच्या क्रेट भरलेले पिकअप बघा, मागे पाटेच दिसतील. खाली जाड हेल्पर पाटे असतात. ओझं आल्यावर ते वरच्यांना टेकतात आणि कडकपणा आपोआप वाढतो. तरी ओझ्यासाठी बांधलेले पाटे रिकाम्या पिकअपला कडकच पडतात, म्हणून मागे उडतं. रिकाम्या गाडीला मऊ वाटणारी साधी कॉइल ओझ्याखाली बसते, आणि ओझ्यासाठी निवडलेली कॉइल रिकाम्या गाडीला हादरवते.

म्हणून मी आधी विचारतो, मागे काय असणार आहे? तंबू, पाण्याचे कॅन, चार माणसं आणि स्पेअर चाकं घेऊन साल्हेरच्या पायथ्याला जाणार असाल, तर पाटे हा हलका पर्याय समजू नका.

पाट्यांचे दोषही सांगितले पाहिजेत. मोठे टायर, लो गिअर आणि खडी चढण एकत्र आली की एक्सल फिरू पाहतो आणि पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो. चाक टपटप उडायला लागतं आणि शेवटी क्रॉस तुटतो. गाडी उंच करण्यासाठी पाटे एक्सलच्या वर बांधले की हा त्रास वाढतो. तिथे हौसिंगपासून चेसिसपर्यंत पीळ रोखणारा बार टाकावाच. चिखलाचं सांगायचं तर काळी माती पाट्यांच्या फटीत शिरते, गंज धरतो, बुश खातात. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूने आल्यावर पाटे धुतलेच पाहिजेत. पण खरं सांगू का, काळ्या मातीत गाडी रुतते किंवा निघते ती टायरवर. स्प्रिंगवर भांडण्यात अर्थ नाही.

जिथे कडकपणा बदलायचा आहे, तिथे थोडं गणित करा. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. सहा मिलिमीटरचा पाटा काढून आठचा घातला, तर तो एकटा पाटा दुपटीहून जास्त कडक होतो. उलट लांबी दहा टक्के वाढवली की कडकपणा सुमारे पाव कमी होतो. म्हणून मऊपणा हवा असेल तर पाटे काढून टाकण्यापेक्षा लांब पाट्यांचा सेट करून घेणं चांगलं. जमलं तर पॅराबोलिक घ्या. त्यात पाटे कमी असतात, टोकांकडे बारीक होत जातात आणि बैठक व टोकं सोडली तर एकमेकांना लागत नाहीत, त्यामुळे घासण फार कमी होते. कॉइलमध्ये तारेच्या जाडीचा चौथा घात येतो. वेटोळी आणि व्यास तेच ठेवून तार बाराची तेरा मिलिमीटर केली, तर कडकपणा जवळजवळ ३८ टक्क्यांनी वाढतो. दुकानदार "एक नंबर जाड देतो" म्हणतो तेव्हा हा आकडा आठवा.

कॉइल करायचीच असेल तर दोन गोष्टींवर तडजोड करू नका. पुढच्या एक्सलचा पॅनहार्ड रॉड आणि स्टीअरिंगचा ड्रॅग लिंक (स्टीअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) समांतर आणि साधारण सारख्या लांबीचे हवेत. नसतील तर चाक खड्ड्यात गेलं की स्टीअरिंग आपोआप वळतं. दुसरं, आखूड लिंकवर गाडी उंच केली की एक्सल थोडा फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे स्टीअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांच्या वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. गावात ते जाणवत नाही. मुंबई-आग्रा रस्त्यावर ऐंशीच्या वेगाला स्टीअरिंग हातात थरथरायला लागतं तेव्हा कळतं. शिवाय लिंकचे ब्रॅकेट पातळ पत्र्याचे करून चेसिसला नुसते चिकटवले, तर पहिल्या मोठ्या दगडावर चेसिसच फाटतो. तिथे जाड प्लेट आणि दोन्ही बाजूंनी नीट वेल्डिंग हवं. आणि आरसी बुकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, ते आधी समजून घ्या.

माझं मत सरळ आहे. गाडी पाट्यांची आहे आणि वापर ट्रेकिंग-कॅम्पिंगचा आहे, तर नवे बुश, योग्य लांबीचे शॅकल आणि चांगले पाटे यावर पैसे घाला. दगडातच खेळायचं आहे, तर आधीच कॉइलवर बनलेली गाडी घ्या. पाट्यांची गाडी कॉइलवर नेण्याचं काम फक्त त्यांनी करावं, ज्यांच्याकडे लिंकचा आराखडा कागदावर काढून देणारा माणूस आहे.

पाटे करून घेतलेल्यांसाठी आजच एक काम सांगतो. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नका, ते एकदा ताणले गेलेले असतात. नवे टाका, टॉर्क रेंचने आवळा आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. यू-बोल्ट सैल राहिला की सगळा मार सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला, की त्या बाजूचं चाक मागे सरकतं.