पत्ता लागेना

(दृश्य: बेळगावचं मध्यवर्ती बस स्थानक, सकाळची वेळ. फलाटावर कोल्हापूर, पणजी, हुबळीच्या गाड्या. कंडक्टरांची हाळी.)

बेळगावातून नाहीसं व्हायला फार कष्ट पडत नाहीत. पहाटे घरातून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला तीन राज्यांपैकी कुठंही असू शकतो. निपाणी सोडून कोगनोळीचा नाका ओलांडला की कागल, म्हणजे महाराष्ट्र. चोर्ला घाट उतरला की गोवा. एवढंही करायचं नसेल तर वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागावं. हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची. बाचीपर्यंत कर्नाटक. पुढचं शिनोळी चंदगड तालुक्यात, जिल्हा कोल्हापूर. पाट्यांवरची लिपी बदलते, पोलीस ठाणं बदलतं, तहसीलदार बदलतो. माणसं मात्र तीच, बोली तीच आणि पाहुणे-रावळेही तेच.

असा मुलूख असून इथं हरवलेल्या माणसांची रहस्यकथा कुणी का लिहिली नाही, असा प्रश्न आम्हाला पडला. त्याच प्रश्नापायी ही फिल्म. कुणी न लिहिलेली ती कादंबरी कशी असती, ते आम्ही इथं रचून बघतोय.

(दृश्य: जुन्या वाचनालयातली कपाटं. बाइंडिंग सुटलेली, कडा मळलेली पुस्तकं.)

रहस्यकथा वाचणारे इथं कमी नव्हते. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्या या भागातही हातोहात फिरल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड भिंतीवरून उड्या मारत, वेषांतर करत, आणि शेवटी गुन्हेगाराच्या मुसक्या बांधत. वाचून झालं की मन कसं हलकं व्हायचं.

आम्हाला हवा असलेला नायक त्या जातीचा नाही. तो छोटा माणूस आहे. खून त्याच्याकडे येतच नाहीत. ‘मुलगा घर सोडून गेलाय, बघा की जरा’ एवढंच काम घेऊन लोक येतात. तो उदास आहे, पण पावसात भिजत सिगारेट ओढणाऱ्या परदेशी गुप्तहेरासारखा नाही. त्याची उदासी इथल्या मातीतली. जी. ए. कुलकर्णींचं शिक्षण ज्या गावात झालं, त्या गावाला उदासी बाहेरून मागवावी लागत नाही.

त्याचा धंदा काय? आम्ही त्याला बाँड रायटर केलं. कोर्टाच्या आवारात टेबल टाकून खरेदीपत्रं, वाटणीपत्रं, अर्ज लिहून देणारा. कन्नड आणि मराठी, दोन्ही लिहायला येणारा. अशा माणसाकडे घराघरातली भांडणं आपसूक चालत येतात. कुणाच्या वाटणीत कोण गैरहजर होतं, हे त्याला पोलिसांच्याही आधी कळतं. लोक त्याला मामा म्हणतात. आपणही मामाच म्हणू.

मामाकडे परवाना नाही. तो कुणाकडेच नसतो, कारण खासगी गुप्तहेरांसाठी आपल्या देशात वेगळा कायदाच नाही. २००७ साली राज्यसभेत विधेयक आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे पाटी कुणीही लावावी. पण पाटी लावली म्हणून हातात काही येत नाही. कुणाचा फोन कुठून कुठं लागला, तो आत्ता कोणत्या टॉवरखाली आहे, हे कायद्यानं पोलिसांनाच मागता येतं. खासगी माणसानं चोरून मिळवलं तर तोच आत जाईल. मग मामाकडे उरतं काय? लॉजचं रजिस्टर, खानावळीची उधारीची वही, कंडक्टरची आठवण, मोबाईल रिचार्जच्या दुकानातला पोरगा. आणि दोन्ही भाषांत गप्पा मारायची सवय.

(दृश्य: वर्तमानपत्राचं आतलं पान. कॅमेरा एका लहानशा जाहिरातीवर थांबतो.)

ही जाहिरात जरा नीट बघा. अशी तुम्ही शंभरदा पाहिली असेल. फोटो लग्नातला असतो. घरात त्याचा एकट्याचा फोटो नसतो, म्हणून कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममधून कापून घेतलेला. खांद्याजवळ दुसऱ्याची जरीची बाही दिसते. डोक्यावर फेटा. हरवलेल्या माणसाला ओळखायचं ते या फेट्यासकट. खाली लिहिलेलं असतं: रंग सावळा, बांधा मध्यम, उंची पाच फूट चार इंच, अंगात निळा शर्ट, मराठी व कन्नड भाषा येते. खानापूर तालुक्यातला असेल तर कोकणीही.

निळा शर्ट दोन दिवसांत बदलतो. सावळे आणि मध्यम बांध्याचे आपण सगळेच. या भागात मराठी आणि कन्नड तर बाजारात बसणाऱ्या म्हातारीलाही येतं. म्हणजे एवढ्या वर्णनात त्या माणसाचं स्वतःचं असं काहीच नाही. आणि शेवटची ओळ: ‘असशील तिथून निघून ये, तुला कुणी काही बोलणार नाही.’ मामा पहिल्यांदा हीच ओळ वाचतो. कुणीतरी काहीतरी बोललं होतं, एवढं त्यातून त्याला कळतं. काय बोललं, ते घरातलं कुणी सांगत नाही. तपास तिथून सुरू होतो.

(दृश्य: पोलीस ठाण्याचा बाहेरचा व्हरांडा. आतलं काही दाखवायचं नाही.)

लहान मूल हरवलं तर यंत्रणा हलते. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं की हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवलाच पाहिजे. १०९८ हा नंबर आहे. मोठ्या माणसाचं तसं नाही. चाळिशीचा धडधाकट पुरुष घरातून गेला, तर त्याच्यामागे किती जण लागणार? ‘येईल हो, चार दिवसांनी’ असं शेजारीसुद्धा म्हणतात.

त्यात इथली गंमत वेगळी. बेळगावच्या ठाण्यातली नोंद कन्नडमध्ये होते. कागलच्या ठाण्यातली मराठीत. संगणकावर दोन्ही नावं इंग्रजी अक्षरांत चढतात, आणि तिथं यल्लाप्पाचा एल्लाप्पा होतो, ज्योतिबाचा जोतिबा. इकडे आडनाव आधी, तिकडे बापाचं नाव मधे. यंत्राला हे दोन वेगळे इसम वाटतात. आता बेवारस मृतदेहाचा विचार करा. बेळगावहून मिरजेकडे जाणारी रेल्वे रायबाग, कुडची, शेडबाळ करत राज्य ओलांडते. अलीकडे रुळांवर काही झालं तर कर्नाटकचे रेल्वे पोलीस, पलीकडे महाराष्ट्राचे लोहमार्ग पोलीस. मामा दोन्हीकडे जातो आणि दोन्हीकडे त्या बांधलेल्या फायली चाळतो. त्यात फोटो असतात. त्यांच्याबद्दल आम्ही इथं बोलणार नाही.

सीमाप्रश्न या कादंबरीत येईल का? येईल, पण भाषणासारखा नको. १९५६ सालची १ नोव्हेंबर, महाजन आयोग, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा हे वाचकाला पाठ आहे. मामाला तो प्रश्न भेटतो तो बस बंद झाल्यावर. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, दोन्हीकडच्या बसफेऱ्या थांबल्या. अशा दिवसांत कोल्हापूरच्या एखाद्या लॉजमध्ये कुणी दिसल्याचा निरोप आला, तर मामानं जायचं कसं? गाड्या सुरू होईपर्यंत तो माणूस पुढं गेलेला असतो. राजकारण्यांना याची गंधवार्ता नसते, आणि ती असायचं कारणही नाही म्हणा.

(दृश्य: सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर. गर्दी, भंडारा, ‘उदं गं आई उदं’चा गजर.)

यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेला इतकी गर्दी होते की माणसं चुकतातच. ती बहुतेक संध्याकाळपर्यंत सापडतात. लाऊडस्पीकरवरून नावं पुकारतात. पण या भागात एक हरवणं असंही होतं ज्याची तक्रार कुणी दिली नाही. देवाला सोडलेल्या मुली. कर्नाटकानं १९८२ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला. त्याआधी आणि नंतरही कितीक जणी मोठ्या शहरांकडे गेल्या. घरच्यांना पत्ता माहीत असायचा, मनिऑर्डर यायची. त्यांचा शोध घ्यायला मामाकडे कुणी येत नाही. कादंबरीत एखादी तरी अशी बाई यावी, आणि तिनंच मामाला विचारावं की मला शोधायला कधी कुणी पैसे दिले होते का.

(दृश्य: खानापूर तालुक्यातलं गाव. भाताची खाचरं, कौलारू घर, अंगणात ट्रॅक्टर.)

आता कथानकाकडे येतो. ते कायद्यातच दडलंय.

सात वर्षं ज्या माणसाची काहीही खबर नाही, आणि ज्यांना ती मिळायला हवी होती त्यांनाही मिळाली नाही, तो जिवंत आहे असं म्हणणाऱ्यानंच ते सिद्ध करायचं. पुरावा कायद्याचं १०८ वं कलम, १८७२ पासूनचं. १ जुलै २०२४ ला त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानं घेतली, पण हा नियम तसाच राहिला. सात वर्षांनी कोर्ट त्याला मेलेला धरू शकतं. कधी मेला, ते मात्र धरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये विम्याच्या एका खटल्यात हे स्पष्ट केलं. त्यामुळे नवरा गेल्यावर बायकोनं विम्याचे हप्ते थांबवले, तर सात वर्षांनी हातात काही पडेलच असं नाही. परत येईल या आशेवर नाही, तर मेला असेल या हिशेबानं हप्ते भरत राहायचं. हे तिला पहिल्या महिन्यात कोण सांगणार?

जमिनीचं तसंच. उताऱ्यावर तीन भावांची नावं. मधला सात वर्षांपूर्वी गेला. थोरल्याला जमीन विकायचीय, सही अडलीय. तो मामाच्या टेबलापाशी येतो.

‘मामा, एक काम होतं. भावाला शोधल्याचं लिहून द्या.’

‘शोधल्याचं लिहायचं, की खरंच शोधायचं?’

‘ते तुम्ही बघा की. वकील म्हणाले, शोध घेतला होता असं कुणीतरी कोर्टात सांगायला पाहिजे.’

‘आणि घावला तर?’

‘घावत नाही ओ तो. सात वर्सं झाली.’

पैसे अर्धे आधी, अर्धे साक्ष झाल्यावर. मामाचं काम असं की त्यानं प्रामाणिकपणे अपयशी व्हायचं. आम्हाला हे कथानक आवडलं ते यासाठी. गिऱ्हाईक खुनी नाही, लबाडसुद्धा म्हणता येणार नाही. पोरीचं लग्न आहे, बँकेचं कर्ज आहे. पण पैसे मोजून त्यानं मागितलंय ते एवढंच, की भाऊ सापडू नये.

आणि मामाला तो सापडतो. फार लांब नाही, शिनोळीच्या एका कारखान्यात. बेळगावहून सिटीबसनं अर्धं अंतर कापता येईल इतका जवळ. त्यानं नाव बदललेलं नाही, दाढी वाढवलेली नाही. राज्य बदललं, तेवढं पुरलं.

‘घरी सांगू नका,’ तो म्हणतो. का, ते सांगतो. कारण आम्ही इथं उघड करत नाही, कादंबरी कुणी लिहिलीच तर त्याला तेवढं शिल्लक राहू दे.

(दृश्य: शिनोळीची वाट. शिफ्ट सुटली आहे, सायकली, दुचाक्या.)

सज्ञान माणसाला घरी जायची सक्ती करता येत नाही. पोलिसांना असा माणूस सापडला तर ते त्याचा जबाब घेतात, स्वखुशीनं गेलो असं लिहून घेतात, घरच्यांना तो सुखरूप असल्याचं कळवतात आणि फाईल मिटते. मामाकडे मिटवायला फाईल नाही. तो गप्प बसला, तर कोर्ट एका जिवंत माणसाला मेलेला ठरवणार, आणि त्यासाठी शपथेवर साक्ष मामाची. तो बोलला, तर ज्यानं विश्वासानं दार उघडलं त्याला दगा. शिवाय आई आहे, सत्तरी ओलांडलेली. तिला यातलं काहीच विचारलेलं नाही. दाव्यात तिचंही नाव वादी म्हणून घातलंय, अंगठ्यासकट.

आमच्या टीममध्ये यावर भांडण झालं. कॅमेरामन म्हणाला, मामानं आईला गुपचूप सांगावं. संकलक म्हणाली, आईला सांगणं म्हणजे गावाला सांगणं. आणि त्या भावाच्या म्हणण्याला काही किंमत आहे की नाही? मला तिचं पटतं. मात्र खोटी साक्ष मामा देणार नाही. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं लिहिली, ‘वरील मजकूर खरा आहे’ ही ओळ किती सहज लिहिली जाते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तो सही करणार नाही आणि का करणार नाही तेही सांगणार नाही.

खानापूरच्या कोर्टात तारीख पडेल. थोरला भाऊ आवारात मामाला चार शब्द सुनावेल, उरलेले अर्धे पैसे बुडतील. वकील पुढच्या तारखेला दुसरा साक्षीदार उभा करेल. तसे साक्षीदार चहाच्या टपरीवरच बसलेले असतात.