लिस्बनला आपलं कोण? कल्चरल सेंटरचं दार नेमकं कुणासाठी उघडतं

नमस्कार मंडळी. परवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आमच्या शेजारची काकी भेटली, हातात मिरच्यांची पिशवी, आणि पहिलाच प्रश्न, "गो बाय, आमचो भुरगो लिस्बनाक वता, थंय आमचें कोण आसा?" मी तिथे, पोर्तुगालच्या राजधानीत, तीन वर्षं राहून आलेय म्हणून तिने मला विचारलं, आणि मी पटकन बोलून गेले की काकी, तिथे कल्चरल सेंटर आहेत ना, काळजी करू नको. घरी आले आणि वाटलं, हे काय अर्धवट सांगितलं आपण. कारण मी स्वतः नवीन असताना अशाच एका सेंटरमध्ये मोठ्या आशेने गेले होते आणि अर्ध्या तासात बाहेर येऊन बसस्टॉपवर रडत बसले होते. तर आज तेच नीट सांगते, काकीलाही आणि तुम्हालाही.

बघा, कल्चरल सेंटर हा एकच शब्द आपण दोन अगदी उलट गोष्टींसाठी वापरतो. पहिली गोष्ट म्हणजे एखाद्या देशाने दुसऱ्या देशात उघडलेलं सेंटर. आपली आयसीसीआर आहे, म्हणजे भारत सरकारची परदेशांशी सांस्कृतिक संबंध जोडणारी संस्था, १९५० साली मौलाना आझादांनी सुरू केलेली, तिचं लंडनमध्ये मेफेअर भागात नेहरू सेंटर आहे १९९२ पासून, बर्लिनला आपल्या दूतावासातच टागोर सेंटर आहे. तसंच ब्रिटिश कौन्सिल १९३४ चं, जर्मनांचं गोएथे इन्स्टिट्यूट १९५१ चं, जे भारतात मॅक्सम्युलर भवन म्हणून ओळखलं जातं, आपल्याकडची किती पोरं पुण्याला राहून तिथे जर्मन शिकतात. स्पेनचं सेर्व्हांतेस, पोर्तुगालचं कामोंइश. आता यात ग्यानबाची मेख काय, तर ही सेंटर आपल्या देशातून आलेल्या माणसांसाठी काढलेलीच नसतात! ती असतात तिथल्या स्थानिकांसाठी. पणजीतलं कामोंइशचं भाषा केंद्र गोव्यात राहणाऱ्या पोर्तुगिजांसाठी नाही ना, ते आपल्याला पोर्तुगीज शिकवायला आहे. पणजीच्याच फोंताइन्हास भागातलं फुंदासांव ओरिएंत घ्या, पोर्तुगालच्या एका प्रतिष्ठानचं, १९९५ पासून आहे, तिथे आपल्या सांग्यात जन्मलेल्या आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांची चित्रं बघायला मिळतात, तो सगळा खटाटोप आपण यावं म्हणून. मग उलटं करून बघा. परक्या राजधानीतलं भारताचं सेंटर हे तिथल्या लोकांना भरतनाट्यम आणि योगा दाखवायला आहे. मी ज्या कार्यक्रमाला गेले होते तिथे सगळे छान बोलले, चहा दिला, पण भाषण सगळं भारत म्हणजे काय हे समजावणारं, आणि मी तर भारतातूनच आलेली, मला हवं होतं कोणीतरी विचारणारं की जेवलीस का. चूक त्यांची नव्हती, दार दुसऱ्या कुणासाठी उघडलेलं होतं एवढंच.

दुसरी गोष्ट म्हणजे लोकांनी स्वतः वर्गणी काढून उभं केलेलं घर. आणि मंडळी, हे जगाने आपल्याला शिकवायची गरजच नाही, गोंयकारांना हे फार आधीपासून येतं. मुंबईला धोबीतलावला कूड, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक खोल्या, असायच्या, अजून आहेत काही, जेर महल नावाच्या त्या जुन्या बिल्डिंगमध्ये तर कितीतरी गावांच्या. एकेका गावाची एकेक कूड, गावातला तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी, बोटीवर काम मिळेपर्यंत तिथे राहणार, भिंतीला लागून ओळीने ट्रंका, एका बाजूला आल्तार म्हणजे देव्हारा, संध्याकाळ झाली की सगळ्यांनी मिळून तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणायची, गावच्या सायबाचं फेस्त म्हणजे संताचा सणही तिथेच. नोकरीची बातमी तिथे कळायची, आजारी पडलं तर बघणारं माणूस तिथेच. हिंदू गोंयकारांनी मुंबईत गोवा हिंदू असोसिएशन काढली, तिच्या नाटकांनी मराठी रंगभूमी गाजवली. म्हणजे परमुलखात गेल्यावर राहायला खोली आणि रडायला खांदा एकाच ठिकाणी मिळावा, ही सोय आपल्या आज्या-पणज्यांनी कधीच करून ठेवलेली.

लंडनमध्ये याच जातीचं आहे ते महाराष्ट्र मंडळ, १९३२ सालचं, डॉलिस हिलला स्वतःची वास्तू, गणपती तिथे, दिवाळी तिथे. मस्कतला इंडियन सोशल क्लब आहे आणि त्यात भाषेप्रमाणे विंग असतात, म्हणजे छत एक आणि खाली भाषेभाषेचे कोपरे. आखातावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल कारण तिथे संस्था काढायचे नियमच वेगळे.

आता लिस्बन, कारण काकीचा पोरगा तिथे चाललाय, आणि आपल्याकडून हल्ली कितीजण जातात ते मी काय सांगू, प्रत्येक वाड्यावर एक तरी पोर्तुगीज पासपोर्ट निघालाय. लिस्बनमध्ये आल्कांतारा भागात काझा द गोवा आहे, गोंयकारांची १९८७ ची संस्था. एकवट नावाचं त्यांचं गाण्या-नाचाचं पथक आहे, मांडो, दुलपद, देखणी, सगळं. मी तिथे जायला किती महिने घेतले माहितीये? खूप. मनात भीती अशी की तिथे सगळी जुनी पोर्तुगीज बोलणारी घराणी, कोणी ६१ ला गोवा मुक्त झाल्यावर गेलेले, कोणी मोझांबिकवरून, म्हणजे पोर्तुगिजांच्या आफ्रिकेतल्या जुन्या वसाहतीतून, आलेले, आणि आपण साखळीच्या मराठी शाळेत शिकलेलो, घरी पूजा-आरती, आपलं तिथे काय काम. मग एका संध्याकाळी मैत्रिणीने ओढतच नेलं. दारात एक म्हातारी बाई होत्या, पांढरे केस, मोत्यांची माळ, त्यांनी माझ्याकडे बघून आधी पोर्तुगीजमध्ये काहीतरी विचारलं, मी गोंधळले, मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "खंयचें गो तूं?" कुठली गं तू? बास. मी साखळी म्हटलं आणि त्या म्हणाल्या की लहानपणी त्या साखळीच्या नदीच्या पुलावरून गेलेल्या त्यांना आठवतं. त्यांची कोंकणी अडखळत होती आणि माझं पोर्तुगीज तर शून्य, तरी आम्ही तासभर बोललो. त्यानंतर पोर्तुगीज शिकायची खरी जिद्द मला आली, क्लासमुळे नाही, त्या बाईंमुळे.

आणि दुसरं ठिकाण, जे बऱ्याच गोंयकारांना माहितीच नसतं, ते म्हणजे लुमियार भागातलं राधाकृष्ण मंदिर, कोमुनिदाद हिंदू द पोर्तुगालचं, रस्त्याचं नावच महात्मा गांधींचं. तिथले बहुतेक लोक गुजराती बोलणारे, १९७५ ला मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर पोर्तुगालला आलेले, आणि त्यातल्या कित्येकांचं मूळ दीवचं. दीव म्हणजे आपलंच की हो, गोवा दमण दीव, एकत्रच मुक्त झालेलो आपण डिसेंबर १९६१ मध्ये! तिथे शाकाहारी जेवण मिळतं. पहिल्या हिवाळ्यात, बाहेर पाऊस आणि थंडी, तिथली डाळ-भाताची थाळी समोर आली तेव्हा मला काय वाटलं ते शब्दात नाही सांगता येणार. चवथीला घरी गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना सगळे व्हिडिओ कॉलवर आणि आपण एकटे खोलीत, हे ज्याने भोगलंय त्याला कळेल.

आल्कांतारातच गोदीजवळ म्युझेउ दो ओरिएंत आहे, २००८ ला उघडलेलं, आधी ते बाकाल्याव म्हणजे सुकवलेल्या कॉड माशाचं गोदाम होतं. हे पणजीत आहे त्या फुंदासांव ओरिएंतचंच, म्हणजे पहिल्या प्रकारासारखं, लोकांना दाखवायला काढलेलं. तिथे आधार शोधायला जाऊ नका, पण बघायला नक्की जा. गोव्याहून गेलेल्या वस्तू काचेपलीकडे बघताना मला बरं आणि वाईट दोन्ही वाटलं होतं.

आता एक गोष्ट कान देऊन ऐका, कारण यात लोकांचे पैसे बुडतात. तुमची कागदपत्रं करून देणं हे कल्चरल सेंटरचं काम नाही. कोणी एजंट म्हणाला की अमुक संस्थेतून काम करून देतो, तर तिथूनच मागे फिरा. कागदांसाठी लिस्बनमध्ये स्थलांतरितांना मदत करणारं सरकारी केंद्र आहे, सीएनएआयएम, २००४ साली अशा केंद्राची सुरुवात झाली, एका छताखाली वेगवेगळ्या खात्यांची काउंटर, आणि स्थलांतरितांच्या भाषा बोलणारी मध्यस्थ माणसं. इमिग्रेशनचं काम आता आइमा नावाच्या संस्थेकडे, ऑक्टोबर २०२३ पासून. आणि भाषेसाठी भरमसाट फी भरायच्या आधी सरकारी शाळांमधून चालणारे पोर्तुगेश लिंग्वा द आकोल्यिमेंतु हे कोर्स बघा, बाहेरून आलेल्यांसाठीच आहेत, फुकट आहेत. माझ्या वर्गात एक नेपाळी पोरगा, एक युक्रेनची आजी आणि दोन पंजाबी होते, खरं सांगायचं तर माझं सगळ्यात जवळचं कल्चरल सेंटर तोच वर्ग होता.

जायचं कसं ते पण सांगते. पहिल्या महिन्यातच जा, मन खचल्यावर जायला पायच उचलत नाहीत. ऑफिसच्या वेळेत रिकाम्या इमारतीत जाऊ नका, कार्यक्रम असेल त्या दिवशी जा. आणि पाहुण्यासारखं खुर्चीत बसू नका, सरळ विचारा खुर्च्या मांडू का, भांडी उचलू का. लोकवर्गणीवर चालणाऱ्या संस्थांना कायम माणसं कमी पडतात, त्यात जुनी पिढी थकलीय आणि नवीन पोरं फक्त फोटो काढून जातात. सभासद व्हा, वर्गणी भरा. हे मी कळकळीने सांगतेय, कारण ही घरं एकदा बंद पडली की कुठलंही सरकार ती परत उघडायला येणार नाही.

तर काल संध्याकाळी मी काकीकडे गेले आणि कॅलेंडरच्या जुन्या पानामागे चार पत्ते लिहून दिले, काझा द गोवा, मंदिर, सीएनएआयएम आणि माझ्या जुन्या वर्गाची शाळा. काकीने विचारलं यातलं आपलं कुठलं? मी म्हटलं आधी मंदिरात जाऊन जेव म्हणावं त्याला, मग आल्कांताराला, आणि तिथे कोणी "खंयचो रे तूं" विचारलं की लाजू नको म्हणावं, गावाचं नाव सांग. तिने ते पान घडी करून लोणच्याच्या बरणीला रबर लावून बांधलं, म्हणाली बरणी तो नक्की उघडणार.