पेशींसाठी परांची

(दृश्य : चिमट्यात धरलेली पांढरी चकती, अगदी जवळून. कडेची छिद्रं दिसतात.)

दीड सेंटीमीटर रुंद, तीन मिलिमीटर जाड. हातावर ठेवली तर वजन जाणवत नाही, कारण हिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पोकळीच आहे. उरलेलं कायटोसान, म्हणजे कोळंबीच्या टरफलांपासून मिळणारा पदार्थ, आणि जिलेटिन. प्रयोगशाळेत हिला स्कॅफोल्ड म्हणतात. मुंबईकराला त्याहून ओळखीचा शब्द आहे : परांची. गिरगावात जुन्या चाळीची डागडुजी निघाली की बांबूची परांची बांधतात आणि भिंत झाली की उतरवतात. इथे गवंड्याचं काम पेशी करतात आणि परांची शरीरच हळूहळू विरघळवतं. ती लवकर विरघळली तर आधार जातो, फार टिकली तर नव्या ऊतीला जागा उरत नाही.

(दृश्य : शीवचा रस्ता, रुग्णालयाचं फाटक.)

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. दान केलेली त्वचा भाजलेल्या रुग्णाला झाकते, पाणी आणि जंतुसंसर्ग रोखते, जीव वाचवते. पण ती परकी असते, काही आठवड्यांत शरीर ती टाकून देतं. आणि जखम खोल असेल तर त्वचेचा खालचा थर, डर्मिस, तसाच पुन्हा उगवत नाही. आक्रसलेला व्रण उरतो. या थरासाठी अमेरिकेत अभियंता यानास आणि शल्यचिकित्सक बर्क यांनी कोलॅजनची सच्छिद्र चादर तयार केली. तिला तिथे १९९६ साली मान्यता मिळाली. त्यांच्या कामातून एक आकडा ठसला : त्वचेसाठी छिद्र साधारण २० ते १२५ मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हवं. त्याहून बारीक असेल तर पेशी आत शिरत नाहीत, फार मोठं असेल तर त्यांना धरायला पुरेसा पृष्ठभाग मिळत नाही.

(दृश्य : ससून डॉक. कोळंबी सोलणाऱ्या बायकांचे हात, बाजूला टरफलांचा ढीग.)

कायटोसानचं मूळ या टरफलांत आहे. आम्लाने त्यांतला चुना काढतात, सौम्य अल्कलीने प्रथिनं काढतात, उरतं ते कायटिन. मग ४० ते ५० टक्के कॉस्टिक सोड्यात शंभर अंशांच्या आसपास तापवलं की कायटोसान होतं. रुग्णासाठीचा माल मात्र जिवाणूंच्या विषापासूनही मुक्त लागतो. गोदीवरचं टरफल आणि त्या दर्जाची पूड यांच्यात शुद्धीकरणाचे बरेच टप्पे आहेत.

(दृश्य : चुंबकी ढवळणीवर बीकर.)

आता कृती. एक टक्का ॲसेटिक आम्लात दोन टक्के कायटोसान रात्रभर ढवळायचं. जिलेटिन वेगळं, चाळीस अंशांच्या पाण्यात. दोन्ही कोमट असतानाच मिसळायचं, गाळायचं, आणि सेंट्रिफ्यूज करून बुडबुडे काढायचे. राहिलेला प्रत्येक बुडबुडा चकतीत भोक पाडतो.

खरी छिद्रं पाडतो तो बर्फ. गोठताना पाण्याचे स्फटिक वाढतात आणि पॉलिमरला, म्हणजे कायटोसान-जिलेटिनला, कडेला ढकलतात. त्या कडाच पुढे भिंती होतात. उणे वीस अंशांना सावकाश गोठवलं तर स्फटिक मोठे, छिद्रं मोठी. उणे ऐंशीला झटकन गोठवलं तर बारीक. पण नुसतं तापमान सांभाळून भागत नाही. प्लॅस्टिकच्या साच्यात थंडी चहूबाजूंनी शिरते, म्हणून कड आणि मधला भाग वेगवेगळे निघतात. साच्याखाली थंड केलेली ॲल्युमिनियमची जाड पट्टी ठेवा. थंडी मुख्यतः तळातून वर चढते आणि छिद्रं उभी, एका दिशेची होतात.

(दृश्य : फ्रीझ ड्रायरची काच, बाहेर पावसाळी आभाळ.)

मग अठ्ठेचाळीस तास निर्वातात. बर्फ न वितळता थेट वाफ होऊन निघून जायला हवा. तो मध्येच वितळला तर भिंती बसतात आणि काचेसारखा पारदर्शक डाग उरतो. साच्याचा तळ हाताला अजून गार लागत असेल तर आत बर्फ आहे, यंत्र उघडू नका. मुंबईत पुढची चूक जुलैमध्ये होते. हवेत ऐंशी टक्क्यांहून जास्त दमटपणा असतो, आणि निर्वात तोडताना तीच हवा आत येते. कोरडी चकती ती शोषून घेते, मऊ पडते, वाकते. म्हणून निर्वात कोरड्या नायट्रोजनने तोडायचा आणि चकत्या लगेच डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणारं सिलिका जेल ठेवलेल्या बंद भांड्यात, ठेवायच्या. सिलिका जेलचा निळा रंग गुलाबी झाला की ते बदलायचं.

या अवस्थेत चकतीत आम्ल आहे. ती तशीच माध्यमात, म्हणजे पेशी वाढवण्याच्या पोषक द्रवात, टाकली तर फुगून लगदा होते. आधी अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या सौम्य कॉस्टिकने उदासीन करायची, मग अल्कोहोल टप्प्याटप्प्याने उतरवत पाण्यावर आणायची. नंतर जोडबंध, म्हणजे रेणूंच्या साखळ्या रसायनाने एकमेकींना बांधणं, नाहीतर सदतीस अंशांना जिलेटिन झिरपून जातं. त्यासाठीचं ग्लुटराल्डिहाइड हे रसायन स्वस्त आहे, पण उरलेला अंश पेशी मारतो. तो निकामी करण्यासाठी ग्लायसीनने धुणं टाळू नका. जेनिपिन हे दुसरं रसायन त्या मानाने सौम्य. त्याने चकती गडद निळी होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच लाल चमकते, म्हणून पेशींसाठी लाल रंजक निवडू नये. शेवटी पुन्हा गोठवून वाळवायची.

(दृश्य : तुर्भ्याचा रस्ता.)

निर्जंतुक कसं करायचं? ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या, १२१ अंशांत जिलेटिन टिकत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने तुर्भे येथे उभारलेल्या आयसोमेड या प्रकल्पात १९७४ पासून वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक होतं. प्रचलित मात्रा २५ किलोग्रे (किलोग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचं एकक). ही मात्रा कायटोसानच्या साखळ्याही तोडते, त्यामुळे चकती लवकर विरघळते. विरघळण्याची चाचणी किरणांआधी घेतली तर तो आकडा रुग्णाच्या उपयोगाचा नाही.

(दृश्य : पिपेटमधून पडणारा थेंब.)

पेशी पेरताना चकती आधी माध्यमात भिजवायची, वरचं पाणी टिपायचं, मग पाच लाख पेशींचा छोटा थेंब. दोन-तीन तास थांबायचं, मगच माध्यम भरायचं. घाई केली तर पेशी तळाच्या प्लॅस्टिकवर उतरतात आणि तिथेच वाढतात. म्हणून पेशींच्या मोजणीआधी चकती प्लॅस्टिकच्या ताटलीतल्या नव्या खळग्यात हलवायची, नाहीतर प्लॅस्टिकवरच्या पेशी स्कॅफोल्डच्या खात्यावर जमा होतात.

(दृश्य : सातव्या दिवसाचा आडवा छेद. निळी केंद्रकं फक्त कडेला.)

मधला भाग रिकामा. पेशींना लागणारा ऑक्सिजन नुसत्या विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत, शे-दोनशे मायक्रॉनपर्यंतच पुरतो, आणि ही चकती तीन मिलिमीटरची. त्वचेसाठी ती एक मिलिमीटरची करता येते. हाडासाठी जाडी हवीच, मग पंप लावून माध्यम छिद्रांतून दिवसरात्र फिरवत ठेवावं लागतं.