यंत्रमागाचा पिकर किती ठोसे सोसतो?

बेळगावच्या वडगाव, शहापूर आणि खासबाग या विणकर वस्त्यांमध्ये यंत्रमागावर आडवा धागा नेणारा धोटा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो, तो पिकरच्या, म्हणजे मागाच्या दोन्ही बाजूंना असणाऱ्या आणि धोट्याला ढकलणाऱ्या छोट्या भागाच्या, ठोशाने. पूर्वी कच्च्या चामड्याचे असणारे पिकर आता नायलॉनसारख्या प्लॅस्टिकचेही असतात. धोटा मिनिटाला १२० वेळा माग ओलांडतो असे धरले, तर एका बाजूचा पिकर आठ तासांच्या पाळीत २८,८०० ठोसे देतो आणि सुमारे ३५ पाळ्यांत १० लाखांचा टप्पा ओलांडतो. यांपैकी कोणताही एक ठोसा त्याला फोडण्याइतका जोरदार नसतो. तरीही एक दिवस त्याला तडा जातो.

वारंवार येणाऱ्या भाराने होणाऱ्या अशा मोडतोडीचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकात जर्मन अभियंता ऑगुस्ट व्होलर याने रेल्वेच्या आसांवर केला. ताण आणि आवर्तने (भार किती वेळा आला) यांचा आलेख काढला, की पोलादासाठी बहुधा एक अशी पातळी सापडते, जिच्याखालचा ताण ते जवळजवळ अमर्याद वेळा सोसते. प्लॅस्टिकच्या बाबतीत अशी पातळी गृहीत धरणे धोक्याचे आहे.

त्यातच प्लॅस्टिक प्रत्येक ठोशाची थोडी ऊर्जा उष्णतेत बदलते आणि उष्णतेचे वहन मंद असल्याने ती आतच साठते. प्रयोगशाळेत घाईने, सेकंदाला ३० आवर्तनांच्या वेगाने चाचणी घेतली, तर नमुना तडकण्याऐवजी तापून मऊ पडू शकतो. सेकंदाला एकच ठोसा देणाऱ्या पिकरविषयी मग ती चाचणी फारसे काही सांगत नाही. म्हणून चाचणीचा वेग कळल्याशिवाय आयुष्याच्या कोणत्याही आकड्यावर विसंबू नये.

तडा एकदा सुरू झाला, की त्याची वाढ पॅरिस आणि एर्दोगान या संशोधकांनी १९६३ मध्ये मांडलेल्या नियमाने मोजता येते. तडा वाढण्याचा वेग ताणाच्या एका ठरावीक घाताच्या प्रमाणात बदलतो, असे तो नियम सांगतो. त्या नियमातला घातांक ६ धरला, तर ताण केवळ १० टक्क्यांनी वाढताच तड्याच्या वाढीचा काळ जेमतेम ५६ टक्के उरतो. मागाची जुळणी थोडी बिघडून ठोसा जड बसू लागला, तर पिकर लवकर का जातो, याचा उलगडा या गणितात आहे.

बेळगावचा पावसाळा या हिशेबात आणखी एक चल आणतो. नायलॉन हवेतला ओलावा शोषतो, त्याने त्याचा चिवटपणा वाढतो, पण ताठरपणा घटतो. त्यामुळे उन्हाळ्यातल्या नोंदी आषाढात जशाच्या तशा लागू पडत नाहीत. शिवाय एकाच साच्यातले पिकरही एकाच वेळी तुटत नाहीत. म्हणून बदलण्याची वेळ सरासरी आयुष्यावरून न ठरवता, सर्वांत आधी तुटणाऱ्या थोड्या पिकरांच्या आयुष्यावरून आणि हंगामागणिक वेगळ्या नोंदी ठेवून ठरवावी लागते.