पात्यावर आळ

समोर बसलेले बहुतेक जण रंधा मशीनवर हात बसलेले आहेत, तेव्हा पात्यांच्या आधीचं ते इनफीड टेबल आणि नंतरचं ते आउटफीड, याहून जास्त वेळ त्यात घालवत नाही. माझं म्हणणं एवढंच की फळीची कड सरळ निघाली नाही की आपण पाती धारेला पाठवतो. बिचाऱ्या पात्यांवर उगाच आळ येतो, दुखणं टेबलाचं असतं.

माझ्या मशीनचंच घ्या. दोन फळ्या कडेला कड लावून उजेडात धरल्या की टोकं टेकलेली आणि मधे फट. विक्रेत्याला फोन केला. "साहेब, पाती बोथट असतील." धार लावली, फट तशीच. "लाकूड वाकडं असेल." टिंबर मार्केटातून नवा सागवान आणला. शेवटी म्हणतो, "हवा दमट आहे ना." एप्रिलमध्ये. पुण्यात! (हशा)

मग त्यांचा माणूस आला. टेबलावर स्पिरिट लेव्हल ठेवली, बुडबुडा बरोब्बर मधे. "बघा, एकदम लेव्हलमधे आहे," म्हणाला आणि सही मागू लागला. अहो, टेबल जमिनीशी समांतर आहे का हे कोणी विचारलं? मशीन पर्वतीच्या पायऱ्यांवर तिरकं ठेवलंत तरी फळी सरळ निघेल, फक्त दोन्ही टेबलं एकमेकांशी एका पातळीत हवीत. सही दिली नाही. चहा मात्र दिला. तो कप त्यानं टेबलावरच ठेवला, तेव्हापासून तिथे पाटी आहे: 'हे टेबल चहाचे नाही.'

तो गेल्यावर दोन्ही टेबलं एका उंचीवर आणून लांब स्ट्रेट एज, म्हणजे अचूक सरळ पट्टी, आउटफीडवर घट्ट धरली, मागे टॉर्च लावला. इनफीडच्या बाहेरच्या टोकाखालून उजेड येत होता. टेबल टोकाला झुकलेलं, म्हणून फळी मधे खोलगट. टोकं वर असती तर फळीला पोट आलं असतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे ज्यासाठी बोलावलंत ते टेबल जुळवणं आता धावतपळत.

आधी प्लग काढा. टेबल उतरत्या खाचेवर सरकणारं असेल तर उताराच्या खालच्या टोकाशी पातळ पत्रा सारा. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण 0.1 मिलिमीटरचा असतो, तो चालतो. जिबचे, म्हणजे टेबल खाचेत घट्ट धरणाऱ्या पट्टीचे, स्क्रू आवळून पुन्हा मोजा. पॅरललोग्रॅम पद्धतीच्या, म्हणजे खाचेऐवजी चार आधारांवर टेबल असलेल्या, मशीनला पत्रे लागत नाहीत, तिथे एक्सेंट्रिक, म्हणजे टेबलाचा तो कोपरा वरखाली करणारे आधार, फिरवायचे.

मग आउटफीडची उंची. सरळ लाकडी पट्टी आउटफीडवरून पात्यांवर येईल अशी ठेवा, कटर ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला रूळ, हातानं उलटा फिरवा. प्रत्येक पात्यानं पट्टी साधारण 3 मिलिमीटर पुढे नेली पाहिजे. फारच सरकली तर टेबल खाली आहे, फळीच्या शेवटी खड्डा पडणार. पातं लागलंच नाही तर टेबल वर आहे, फळी त्याच्या ओठाला अडणार. इनफीड मात्र काप जेवढा घ्यायचा तेवढं खाली, मिलिमीटरभर पुष्कळ.

पावसाळ्यात टेबलाच्या बिडावर गंज धरतो. रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपरनं काढा, कोरडं पुसा, वर मेण घासा. सिलिकॉनचा स्प्रे नको, तो लाकडाला लागला की पॉलिशला डोळे, म्हणजे गोल खळगे, पडतात.

फेन्स, म्हणजे फळी टेकवायची उभी पट्टी, टेबलाशी काटकोनात आहे का हे गुण्यानं बघायचं राहिलंच. ज्यांना हवं त्यांनी चहाला भेटा, गुण्या पिशवीत आहे.